पाठीला भिंत

घरांत एखादी नवी वस्तु आली, म्हणजे ती एकटी कधींच येत नाहीं. आपल्याबरोबर चार प्रश्नहि घेऊन येते. यंदा वैशाखांत आमच्या नातवाची मुंज झाली. भिक्षावळींत जमलेल्या पैशांचें काय करावें, यावर घरांत दोन दिवस खल चालला होता. ते पोस्टांत टाकावे असें वडील मंडळींचें मत पडलें. त्यांचे मासे घ्यावे असें बटूचें मत पडलें. ज्याची झोळी त्याची भिक्षा, या न्यायानें अखेर बटूचाच पक्ष विजयी झाला. मग आम्ही आजा-नातू महात्मा जोतिबा फुले मंडईंत गेलों. आमची पिढी तिला अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणते. तेथून दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच अशी कांचेची एक पेटी, चार एंजल मासे, पाणवनस्पतींची एक जुडी आणि अखंड गुरगुरणारा एक पंप, असा सारा लवाजमा आमच्या दादरच्या घरीं येऊन दाखल झाला. शेजारच्या एका गृहस्थांनीं, "तुमच्याकडे मासे आले म्हणे!" असें अशा कांहीं सुरांत विचारलें कीं, ते पेटींत आहेत, पातेल्यांत नाहींत, असा खुलासा आम्हांला दारांतच करावा लागला.

आतां पेटी ठेवावी कोठें? आमचें घर कांहीं फार मोठें नाहीं. बाहेरची खोली, तिला लागून स्वयंपाकघराकडे जाणारा बोळ, आणि त्या बोळाच्या तोंडाशीं कंबरभर उंचीचें एक कपाट. कपाटाच्या पलीकडील कोपऱ्यांत आमच्या आत्याबाईंची खाट. त्या आमच्या वडिलांच्या धाकट्या भगिनी; वय वर्षें ८६. साठांवर वर्षें गिरगांवांतील एका चाळींत काढल्यावर, ती चाळ पुनर्विकासासाठीं रिकामी झाली तेव्हां, म्हणजे दोन वर्षांपूर्वीं, त्या आमच्याकडे राहावयास आल्या. त्या एकट्या पडूं नयेत, येतां-जातां सर्वांची दृष्टि त्यांच्यावर राहावी, म्हणून आम्हींच मोठ्या हौसेनें त्यांची खाट त्या वाटेवरच्या कोपऱ्यांत मांडली होती. त्यांच्या उशाशीं असलेल्या कपाटावरच पेटी ठेवावी असें ठरलें. कारण तेथें ती दोन्ही बाजूंनीं दिसणार: बाहेरून पाहुण्यांना आणि आंतून घरच्यांना. चारी बाजूंनीं कांच असलेली पेटी भिंतीला टेकवून ठेवणें म्हणजे निम्मे पैसे पाण्यांत घालणें होय, असें आमचें त्या वेळचें अर्थशास्त्र होतें.

आरंभींचे दोन दिवस कौतुकांत गेले. तिसऱ्या दिवसापासून मात्र मासे दिसेनात. पंपाच्या नळीमागें, वनस्पतींच्या जुडीखालीं, कोपऱ्यांत तोंड घालून ते चौघेहि दडून बसत. कोणी जवळून गेलें, कीं सगळे एकदम उसळून दुसऱ्या टोकाच्या कांचेवर आदळत. अन्न टाकलें तर तें तसेंच तळाशीं जाऊन कुजे. अंगावरचा तजेला गेला. आठव्या दिवशीं त्यांतला एक मासा आडवा तरंगतांना आढळला. आणि ज्याच्या मुंजीचा मांडव उतरून पुरता महिनाहि झाला नव्हता, त्या आमच्या ब्रह्मचाऱ्यानें असें कांहीं रडें मांडलें कीं, त्या दिवशीं घरांत कोणालाच जेवण गोड लागलें नाहीं.

यावर अनेकांनीं अनेक उपाय सुचविले. जाणत्या मंडळींनीं पाण्याकडे बोट दाखविलें, व तें योग्यच होतें. नव्या पेटींत माशांच्या मलमूत्रापासून अमोनिया तयार होतो. तो पचवून निरुपद्रवी करणारे सूक्ष्मजीव पंपाच्या स्पंजांत व तळाच्या वाळूंत वाढावयास कित्येक आठवडे लागतात. तोंवर पाणी थोडें थोडें बदलीत राहावें, व नळाच्या पाण्यांतील क्लोरीन काढूनच तें पेटींत घालावें, हा पहिला धडा. तो आम्ही गिरविला. पाणी सुधारलें, तरी पण उरलेले तीन मासे कांहीं केल्या बाहेर येईनात.

अखेर एके दिवशीं दुपारीं आत्याबाई खाटेवरूनच म्हणाल्या, "अरे, त्या जिवांना पाठ टेकायला भिंत कुठं आहे? जिकडे वळावं तिकडून माणसं बघतात. मेल्यांनी जाऊन बसायचं तरी कुठं?" एवढें बोलून त्या थांबल्या नाहींत; उठून त्यांनीं आपल्या ट्रंकेंतून जुन्या काळ्या चंद्रकळेचा एक तुकडा काढला आणि तो पेटीच्या मागच्या कांचेवर स्वतः सोडला. दोन-तीन दिवसांतच चमत्कार वाटावा असा फरक पडला. प्रथम एक, मग दुसरा, असे तिन्ही मासे मध्यावर येऊन, आपले लांब पर पसरून, संथपणें फिरूं लागले. आमच्या नातवाच्या हातचें अन्न तें तळाशीं जाण्यापूर्वींच संपूं लागलें.

विचार केला तर यांत चमत्कार कसलाच नाहीं. माशाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला पुढचें, बाजूचें व बरेंचसें मागचेंहि एकाच वेळीं दिसतें. तो हरघडी आपल्या आसपासच्या हालचालींचा हिशेब ठेवीत असतो, कारण त्या हिशेबांत एकदां चूक झाली तर ती दुरुस्त करण्याची संधि त्याला मिळत नाहीं. एंजल मासा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यांतला. पानासारखें चपटें अंग आणि त्यावर उभे काळे पट्टे, हा त्याचा पोशाख पाण्यांतील देठांच्या व मुळ्यांच्या गर्दींत मिसळून जाण्यासाठींच आहे. चारी बाजूंनीं उघडें असलेलें पाणी त्याच्या कुळांत कोणी पाहिलेलेंच नाहीं. आपण मात्र त्याला आणून चव्हाट्यावर बसवितों, आणि तो नाचत कां नाहीं म्हणून त्याच्यावर रुसतों!

कांचेच्या पेटींत मासे पाळण्याचा छंद कांहीं फार जुना नाहीं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय १८५३ सालीं उघडलें, आणि दुसऱ्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाच्या पुस्तकानें 'अॅक्वेरियम' हा शब्द तिकडच्या घरोघरीं पोंचविला. त्या काळच्या पुष्कळ पेट्यांना कांच असे ती समोरच्या बाजूला. पाठ आणि तळ पाटीच्या दगडाचे असत. पुढें लोखंडी चौकटींत लुकणानें बसविलेल्या कांचा आल्या. आणि १९६० नंतर सिलिकोन नांवाचा चिकट पदार्थ हातीं लागल्यावर नुसत्या कांचेला कांच जोडून पेट्या होऊं लागल्या. पाहणाराची सोय झाली. राहणाराची पाठ गेली. म्हणजे आज आपण मागची कांच रंगवितों, तेव्हां नवीन कांहीं करीत नसून, त्या जुन्या पाटीची उणीवच तेवढी भरून काढीत असतों.

आम्हांला स्वतःला हें फार पूर्वींच कळावयास हवें होतें. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें, आणि आमच्या पिढीच्या गिरगांवकर मुलांची ती सुटीच्या दिवसाची पंढरीच होती. याच आत्याबाई आम्हां भावंडांचे हात धरून आम्हांला चालत तेथें नेत असत. आम्ही अंधारांत आणि मासे उजेडांत, अशी ती मांडणी होती. मासा समोरून पाहावयाचा. त्याच्या मागें जाण्याची आपल्याला मुभा नसे. मागें काय आहे, हें त्या वयांत आमच्या मनांतहि आलें नाहीं. चांगल्या पार्श्वभूमीची खूण हीच, कीं तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

असो. चंद्रकळेचा तुकडा हा कांहीं कायमचा उपाय नव्हे. पाण्याचे शिंतोडे उडून तो ओला होई, व त्याला वास येऊं लागला. तेव्हां दुकानदाराच्या सल्ल्यानें आम्ही छापील चित्राचा एक पट्टा विकत आणला. त्यावर निळ्याशार समुद्रांतील प्रवाळांचा देखावा होता. गोड्या पाण्यांतल्या माशामागें खारा समुद्र! शाकुंतलांतील तपोवनाच्या प्रवेशाला राजवाड्याचा पडदा सोडावा, त्यांतलाच हा प्रकार. तरी तो आम्ही चिकटविला. मृग लागला, हवेंत दमटपणा आला, आणि चिकटपट्ट्या एकेक करून सुटूं लागल्या. कागद व कांच यांच्या फटींत पाणी शिरून त्या समुद्रावर मोठमोठे डाग पडले. मौज अशी कीं, जेथें डाग पडले होते तेथें चित्र अधिक गडद व स्वच्छ दिसत होतें!

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. कागद कितीहि ताणून लावला, तरी कांच व कागद यांच्यामध्यें हवेचा एक पातळ थर राहतोच. पाण्यांतून मागच्या कांचेकडे सुमारें ४९ अंशांहून अधिक तिरपें पाहिलें, कीं त्या हवेमुळें कांच आरशासारखी वागूं लागते. प्रकाश बाहेर न जातां तेथूनच परततो. माशाला कागदाऐवजीं आपलेंच रूप दिसतें. फायटर जातीचा नर तर आरशांतल्या प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून पर फुलवून त्याच्यावर धांवतो, आणि या न संपणाऱ्या युद्धांत थकून जातो. जेथें पाणी शिरलें तेथून हवा गेली, म्हणून तेवढाच भाग आरसा राहिला नाहीं. रंगाचें श्रेष्ठत्व नेमकें यांत आहे. तो कांचेला अंगानें चिकटतो. मध्यें हवेला जागाच ठेवीत नाहीं. कागद लावल्यानें माणसाची नजर अडते. रंग दिल्यानें माणसाची नजर अडते आणि आरसाहि मोडतो.

तेव्हां रंग द्यावयाचा ठरलें. लालबागच्या एका गणेशमूर्तींच्या चित्रशाळेंत हंगामांत काम करणारे एक कारागीर आमच्या ओळखीचे आहेत. आषाढांतील एका उघडिपीच्या दिवशीं, हातचें काम टाकून, ते केवळ आमच्या नातवासाठीं आले. त्यांनीं जें केलें तें क्रमानें सांगतों. कोणाला तरी उपयोगीं पडेल.

मासे पेटींतल्याच पाण्यासह एका मोठ्या टबांत काढले, त्यांत पंपाची हवा सोडली, व टब दूरच्या खोलींत नेऊन ठेवला. पंपाचा स्पंज धुतला नाहीं. तो जुन्याच पाण्यांत बुडवून ठेवला, म्हणजे त्यांतले सूक्ष्मजीव मरत नाहींत. पेटी रिकामी करून गादीवर पालथी, म्हणजे पुढची कांच खालीं व मागची वर येईल अशी, निजविली. त्यामुळें रंग ओघळत नाहीं. कांच साबणाच्या पाण्यानें, मग साध्या पाण्यानें, आणि शेवटीं स्पिरिटच्या बोळ्यानें पुसली. बोटाचा एक तेलकट ठसा राहिला, तरी तेवढ्या जागेवर रंग धरत नाहीं. कडांवर कागदी चिकटपट्टी लावली. रंग घेतला तो पाण्यांत कालविण्याचा अॅक्रिलिक. तेलरंगाचा वास दिवसेंदिवस रेंगाळतो, आणि पंप जी हवा पाण्यांत सोडतो ती खोलींतलीच असते, हें विसरूं नये. शिवाय पुढेंमागें मन बदललें तर हा रंग दाढीच्या पात्यानें खरवडून काढतां येतो. रंग सदैव बाहेरच्या बाजूनें द्यावा. आंतून दिलेला रंग आज ना उद्यां सुटून पाण्यांत उतरल्याशिवाय राहत नाहीं.

काळा रंग बशींत काढून ते कारागीर आमच्या नातवाला म्हणाले, "बाळ, गणपतीचे डोळे आम्ही शेवटी आखतो. काचेवर उलटं आहे. इथं पहिला हात तोच चेहरा. नंतर वरून कितीही हात मारलेस, तरी आतल्याला दिसणार तो पहिलाच."

हें त्यांचें बोलणें ऐकतांच आम्हांला कांचेवर उलट बाजूनें रंगविलेल्या जुन्या चित्रांची आठवण झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून अशीं चित्रें आपल्याकडच्या वाड्यांतून लागत असत. ज्या बाजूनें रंगवावयाचें तिच्या उलट बाजूनें पाहावयाचें, असा या कलेचा नियम. म्हणून चित्रकार डोळ्यांतली बाहुली व नथेचा मोती आधीं काढतो, मग चेहरा, मग वस्त्र, आणि सर्वांत शेवटीं पार्श्वभूमि. कागदावरचा चित्रकार चुकला तर त्यावर रंग चढवून चूक झांकतो. कांचेवरच्याला ती सोय नाहीं. त्याची पहिली चूकच जगाला पहिली दिसते.

पहिला हात पातळ दिला. तो रेघारेघांचा व केविलवाणा दिसला. आमचा नातू हिरमुसला. कारागीर मात्र स्वस्थ होते. दोन-अडीच तासांनीं दुसरा हात, पहिल्याला आडवा, मग तिसरा. तिसरा वाळल्यावर त्यांनीं पेटींत एक दिवा धरला, तेव्हां काळ्या आकाशांत चांदण्या चमकाव्या तशीं बारीक भोकें दिसलीं. तीं एकेक करून नातवानें बुजविलीं. हें काम त्यालाच दिलें होतें, आणि मुंजींतल्या संध्येपेक्षांहि तें त्यानें अधिक एकाग्रतेनें केलें, हें येथें नाइलाजानें नमूद करावें लागतें.

रंग काळाच कां, असें कोणी विचारील. पांढऱ्या किंवा फिकट पाठीपुढें पुष्कळ मासे फिके पडतात. गडद पाठीपुढें त्यांचे रंग खुलतात. हा नुसता दृष्टिभ्रम नव्हे. माशांच्या कातडींत रंगद्रव्याच्या पेशी असतात, आणि सभोंवतालचा उजेड-काळोख डोळ्यांनीं टिपून मासा त्या पेशींतील रंग पसरवितो किंवा गोळा करतो. मधमाशांची नृत्यभाषा उलगडून १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणारे कार्ल फॉन फ्रिश यांनीं आपल्या संशोधनाचा श्रीगणेशा लहान माशांच्या या रंगबदलापासूनच केला होता. गडद निळाहि चालतो, व त्यानें पाणी खोल वाटतें. परंतु हिरव्या वनस्पति व रुपेरी मासे यांना काळ्यासारखी पाठ दुसरी नाहीं.

काळा रंग वाळला, तेव्हां त्या कारागिरांनीं सहज विचारलें, "आता पलीकडची बाजू? आजींच्या डोळ्यांसमोर हे काळं राहणार. वरून दुसरा कोणताही रंग द्या. आतून तो दिसायचा नाही." आम्हां कोणाच्याच हें ध्यानांत आलें नव्हतें. नातवानें जाऊन आत्याबाईंना विचारलें. क्षणभर त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या खोलीच्या भिंतीला फिकट हिरवा होता. तसला मिळेल का रे?" मिळाला. काळ्यावर फिका रंग चढावयास दोन हात अधिक लागले, एवढेंच. अशा रीतीनें एकाच कांचेला बाहेरच्या खोलींतून पाहिलें तर काळोखी रात्र, आणि आत्याबाईंच्या बाजूनें पाहिलें तर गिरगांवांतली भिंत, अशीं दोन रूपें प्राप्त झालीं.

पुरा एक दिवस रंग वाळूं दिल्यावर पेटी जागेवर बसली, निम्में जुनें व निम्में नवें पाणी भरलें, आणि मासे आपल्या घरीं गेले. त्या रात्रीं आम्ही पाणी पिण्यासाठीं उठलों. बोळांतून जातांना पाहतों तों आत्याबाई खाटेवर पाय लांब करून, त्या हिरव्या कांचेकडे पाठ करून, केंस मोकळे सोडून सावकाश विंचरीत बसल्या होत्या. दोन वर्षांत आम्ही त्यांना केंस विंचरतांना कधींच पाहिलें नव्हतें. सकाळीं सौ.ला हें सांगितलें, तेव्हां ती म्हणाली, "त्या नेहमी न्हाणीघरांत दार लावून विंचरतात. तुम्हांला ठाऊक नाहीं?"

आम्हांला ठाऊक नव्हतें. मग एकेक गोष्ट आठवूं लागली. त्या दुपारीं कधीं आडव्या होत नसत. बसल्या बसल्याच डुलकी घेत. औषध घेतांना तोंड भिंतीकडे करीत. आणि मासे घरीं आल्यापासून तर दारांत आलेला प्रत्येक पाहुणा त्या पेटींत डोकावे, आणि माशांच्या पलीकडे खाटेवर बसलेल्या आत्याबाई त्याला दिसत. मुलें मागच्या बाजूनें मासे पाहण्यासाठीं त्यांच्या उशीवर गुडघे टेकून उभीं राहत. ज्याला आम्ही दोन वर्षें सोबत समजत होतों, त्याचा त्यांना पहारा वाटत असला पाहिजे.

चाळींतल्या बाईला आडोशाची किंमत कोणी शिकवावी लागत नाहीं. वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथें १९२० च्या दशकांत बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील एक खोली १६० चौरस फुटांची. लालबाग-परळच्या गिरणी कामगारांचीं घरें आणि गिरगांवांतील आमच्यासारख्यांचीं बिऱ्हाडें यांत भाषेचा व स्वयंपाकाचा भेद असेल, जागेचा फारसा नव्हता. आत्याबाईंच्या दहा बाय बाराच्या खोलींत एके काळीं नऊ माणसें राहत. दार दिवसभर सज्जाकडे उघडें. परंतु दाराला पडदा असे, आणि खोलींत एक दोरी बांधून तिच्यावर लुगडें टाकलेलें असे. त्या लुगड्याच्या मागें बाळंतिणी निजल्या, मुलें परीक्षेच्या अभ्यासाला बसलीं, आणि ज्यांना रडावयाचें होतें त्यांनीं तेथेंच रडून घेतलें. लुगड्यापलीकडे डोकवावयाचें नाहीं, हा नियम त्या घरांतल्या चार वर्षांच्या पोरालाहि ठाऊक होता. जागा अपुरी होती. आडोसा मात्र होता. आम्ही त्यांना प्रशस्त घरांत आणलें, पंखा दिला, दूरदर्शन दिलें, आणि ती दोरी व तें लुगडें मात्र तेवढें विसरलों.

त्या आमच्याजवळ हें बोलल्या कां नाहींत? आम्ही विचारलें, तेव्हां हंसून एवढेंच म्हणाल्या, "अरे, तुम्ही प्रेमानं ठेवलंयत. त्यात मी मेलीनं काय बोलायचं?" दुसऱ्याच्या घरीं उतारवय काढणारें माणूस स्वतःसाठीं कांहीं मागत नाहीं, फार तर माशांसाठीं मागतें. तें मागणें कोणासाठीं आहे, हें ओळखण्याचें काम घरच्यांचें.

आतां बोळाच्या बाजूलाहि एक साधा पडदा लावला आहे. आंत जावयाचें तर बाहेरून हांक मारावयाची, असा नियम मुलांना घालून दिला आहे. मोठ्यांना तो मुलांपेक्षां जड जातो. याचा अर्थ आत्याबाईंना कोंडून ठेवलें आहे असा मात्र कोणी करूं नये. पेटीची एकच कांच रंगवावयाची असते. चारी रंगविल्या तर आंतला मासा दिसत नाहीं, मग आठवतहि नाहीं, आणि एखादे दिवशीं पाणी बदलावयाचें राहून जातें. घरांतल्या वृद्धांविषयीं या दोन्ही चुका होतात: कोणी त्यांना वाटेवर मांडून ठेवतो, तर कोणी चारी बाजूंनीं झांकून टाकतो. पाठीला भिंत आणि समोर आपलीं माणसें, एवढेंच मासा काय आणि माणूस काय, कोणालाहि हवें असतें. हें मागणें केवळ वृद्धांचेंच आहे असेंहि नाहीं. नव्यानें घरांत आलेल्या सुनेचें असतें, दहावीच्या मुलाचें असतें, आजारांतून उठलेल्या माणसाचें असतें. वाचकांनीं आपापल्या घरांत एकवार नजर फिरवून, कोणाची पाठ उघडी आहे तें पाहावें. उपायाला बहुधा रंगाच्या एका लहानशा डब्यापेक्षां अधिक खर्च येत नाहीं.

रोज संध्याकाळीं दिवेलागणीनंतर आत्याबाई स्वतः उठून बाहेर येतात, पेटीसमोर खुर्ची टाकून बसतात, आणि त्या व आमचा नातू मिळून तासभर मासे पाहतात. मासेहि आतां समोरच्या कांचेशीं येऊन त्यांच्याकडे पाहत असतात. नातवाचें म्हणणें, तीन वाईट, आतां चौथा मासा आणावा. यावर घरांत पुन्हां खल चालू आहे. आणि या खेपेस आत्याबाई उघडपणें बटूच्या पक्षाला आहेत.